व्याकरणाने अर्धंच उत्तर मिळतं

बायबलातला देव ‘तो’च का, या प्रश्नावर ‘ग्रंथ पुरुषांनी लिहिले म्हणून देव पुरुष झाला’ असं उत्तर दिलं जातं, ते मला अर्धंच पटतं. थोडा दोष भाषेचाही आहे. बायबलचा जुना करार मुख्यतः ज्या भाषेत लिहिला गेला त्या हिब्रूत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे देवाबद्दल क्रियापद वापरलं की ‘तो’ किंवा ‘ती’ ठरवावंच लागतं. आपल्याकडे ‘ब्रह्म’ला ‘ते’ म्हणून सुटता येतं, तिथे ती सोयच नाही.

पण गंमत बघा. बायबलातलं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’, त्याच्या पहिल्याच ओळीत देवासाठी ‘एलोहिम’ हा रूपाने अनेकवचनी शब्द येतो आणि त्याचं क्रियापद मात्र पुल्लिंगी एकवचनी. लगेच पुढच्या ओळीत पाण्यावर देवाचा ‘रुआख’ (वारा, श्वास, आत्मा, काहीही म्हणा) घिरट्या घालतो, आणि तिथलं क्रियारूप स्त्रीलिंगी! हाच शब्द ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ म्हणून नपुंसकलिंगी झाला, लॅटिनमध्ये ‘स्पिरितुस’ म्हणून पुल्लिंगी. मराठी बायबलातही पवित्र आत्मा ‘तो’च.

आता उरलेलं अर्धं. राजा, पिता, होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथातला फसवला गेलेला नवरा, या प्रतिमा काही व्याकरणाने लादल्या नाहीत, त्या त्या समाजातल्याच. बायबलातल्याच यशयाच्या ग्रंथात (66:13) देव आईसारखं सांत्वन करतो खरा, पण अशा जागा तुरळक. सिनाईतल्या कुंतिलेत अजरूद या प्राचीन स्थळी इ.स.पू. 800च्या आसपासचे लेख सापडलेत, त्यांत ‘यहोवा आणि त्याची अशेरा’ असा उल्लेख आहे; यहोवा हे बायबलातल्या देवाचं नाव. अशेरा म्हणजे देवी की पूजेचा खांब, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. देवी असेल तर एकेश्वरवाद पक्का होताना बायको गेली आणि नवरा तेवढा उरला, असंच म्हणावं लागेल.

फारसीत तर ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम आहे. तिथल्या कुणी यावर लिहिलं तर वाचायला आवडेल.