दृढीकरणाचा वर्ग: तारण कृपेनं, मग दहा आज्ञा पाठ कशाला?

शरणपूर_वर्ग

सलाम मंडळी. दृढीकरणासाठी (लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर विश्वासाची वचनं स्वतः देतात तो विधी) १४-१५ वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्यायचा आहे. चार रविवार, दर वेळी पाऊण तास. दुसऱ्या रविवारी इफिस २:८-९ (तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे) आणि दहा आज्ञा एकाच दिवशी येतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "तारण फुकट मिळालंय, तर आज्ञा मोडली तर काय बिघडतं?" त्यात कोणी रोम ३:२८ (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष) आणि याकोब २:२४ (केवळ विश्वासानं नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो) शेजारी शेजारी वाचलं की वर्ग संपलाच. "दोन्हींचा समतोल साधा" हे उत्तर कृपया नको, मुलं लगेच मोबाइल काढतात. दोन मुलांच्या घरी आई किंवा वडील कॅथलिक आहेत. सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावं?

---

गोदाकाठचा_वाचक

इफिसपासून सुरू करू नका, निर्गमपासून करा. निर्गम २०:२ वर कागद ठेवून मुलांना दहा आज्ञा वाचायला लावा. मग कागद उचला. त्या वचनात आज्ञा नाहीच: तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढणारा मीच तुझा देव, एवढंच आहे. भिंतीवरच्या तक्त्यांत नेमकं हेच वचन बहुतेक वेळा गाळलेलं असतं. क्रम फळ्यावर लिहा: अध्याय १२ मध्ये वल्हांडणाचा (मिसरमधून सुटकेच्या रात्रीचा) कोकरा, १४ मध्ये दुभंगलेला समुद्र, २० मध्ये आज्ञा. आधी आज्ञा पाळून दाखवा, मग समुद्र दुभंगतो, असं देव म्हणाला नाही. सुटलेल्यांनी कसं जगायचं, ते सीनाय डोंगरावर सांगितलं.

अब्राहामाचंही तसंच. उत्पत्ती १५:६ मध्ये त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा (१६:१६) आणि सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा (१७:२४). म्हणजे मधे किमान १३ वर्षं. रोम ४:१० मधला पौलाचा अख्खा युक्तिवाद या अंतरावर उभा आहे. वयं मुलांनाच शोधू द्या, वजाबाकी त्यांची त्यांना पटते.

आता मुलांचा प्रश्न. तो नवा नाही. पौल असंच शिकवतो अशी बदनामी तेव्हाही होत होती, रोम ३:८ मध्ये तो स्वतः सांगतो. रोम ६:१ मध्ये तोच प्रश्न मांडून त्यानं दिलेलं उत्तर बघा: शिक्षेची धमकी नाही. तो बाप्तिस्म्याकडे बोट दाखवतो. तुम्ही पापाला मेलात, मग त्यात राहणार कसे? दृढीकरणाच्या वर्गाला याहून जवळचं उदाहरण नाही. मुलांना विचारा, तुमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही काय केलं होतंत? बहुतेकांनी भोकाड पसरलं असेल. तेव्हा कोणी परीक्षा घेतली नव्हती. आता दृढीकरणात ते स्वतःच्या तोंडानं वचनं देणार आहेत. कृपा आधी आणि आज्ञापालन मागाहून, हे त्यांच्याच आयुष्यात घडतंय.

पौल-याकोब यांच्यासाठी फळ्याचे दोन भाग करा. पौल म्हणतो "नियमशास्त्राची कर्मे", म्हणजे मोशेच्या नियमांचं पालन. गलती २ मध्ये त्याच्या डोळ्यांपुढे सुंता आहे आणि पंगत आहे: अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवणारा पेत्र यरुशलेमची माणसं आल्यावर पंगतीतून उठतो. आपल्याकडे पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे समजवावं लागत नाही. याकोबापुढचा माणूस वेगळा: भावाच्या अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही आणि हा म्हणतो "जा, ऊब घे, पोटभर जेव" (२:१५-१६). शिवाय त्याला ज्या विश्वासाची चीड येते तो भुतांनाही आहे, तेही थरथर कापतात (२:१९). शब्द तेच, पण पौल तिकिटाबद्दल बोलतोय (आत कसं येता येतं) आणि याकोब नाडीबद्दल (विश्वास जिवंत आहे का).

"केवळ विश्वासाने" हे शब्द शास्त्रात एकाच ठिकाणी येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही नकारासह. रोम ३:२८ च्या जर्मन भाषांतरात "केवळ" घातला धर्मसुधारक लूथरनं, १५२२ साली. १५३० मध्ये त्यावर त्यानं लांबलचक खुलासाही लिहिला. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर एखादा हुशार पोरगा इंटरनेटवरून आणून तुमच्यावर फेकेल.

एक ताकीद. "कर्म" शब्द आपल्याकडे आधीच भरलेला आहे. "कर्मानं तारण नाही" म्हटलं की मुलं कर्मफळ, पुण्याचा साठा असलं काहीतरी ऐकतात. दर वेळी "आज्ञा पाळून मिळवलेला हक्क" असं फोडून सांगा.

---

पिंपळगावची_बाग

वरचं सगळं बरोबर. याकोबासाठी योहान १५ (येशू वेल, आपण फाटे) घ्या, आपल्या मुलांना वेल कळतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तोच घड फुटीबरोबर बाहेर येतो. त्या वेळी ढगाळ हवा, पाणी आणि नत्र जास्त, काडीत अन्नसाठा कमी, असं झालं की घड जिरतो, त्याची बाळी होते, म्हणजे घडाऐवजी आधाराला वळसे घेणारी नुसती तार. म्हणून कोणी दुसऱ्या बागेतला घड आणून सुतळीनं बांधत नाही.

याकोब एवढंच म्हणतोय: बाळ्याच दिसतायत, तर काडीत बिघाड आहे. घड लागला म्हणून काडी वेलाला चिकटली, असं तो म्हणत नाही.

---

शरणपूर_वर्ग

हे उदाहरण नक्की घेणार. पण योहान १५:२ मध्ये फळ न देणारा फाटा काढून टाकतात. मग कृपा सुटू शकते का, हा पुढचा प्रश्न येणारच.

---

गोदाकाठचा_वाचक

येणार, आणि तिथे मंडळ्या खरोखरच वेगळ्या होतात. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत उत्तर असं की तो फाटा वेलाशी खऱ्या अर्थानं जोडलेलाच नव्हता. मेथडिस्ट म्हणतात, माणूस पाठ फिरवू शकतो. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे एकत्र आले, त्यामुळे एकाच बाकावर दोन्ही उत्तरं बसलेली असतात. पाऊण तासात निकाल लावायला जाऊ नका. फिलिप्पै २:१२-१३ वाचा: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात कार्य करणारा देव आहे. मधल्या "कारण" खाली रेघ मारायला सांगा.

---

जेलरोड_कॅथलिक

त्या दोन मुलांसाठी. "कॅथलिक कर्मांनी तारण मानतात" हे वाक्य वर्गात चुकूनही नको, ते चूक आहे. ट्रेंटच्या परिषदेनं (कॅथलिक चर्चची धर्मसभा) १५४७ साली नीतिमान ठरण्याबद्दलचा निर्णय दिला. त्यातला पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला धिक्कारतो. खरा फरक पुढे आहे. प्रोटेस्टंट शिकवणीत नीतिमान ठरवणं हा देवाचा निवाडा, आणि पवित्रीकरण (आतून पवित्र होत जाणं) त्याच्या मागोमाग येतं पण वेगळं मोजलं जातं. आमच्याकडे आतून नवं होणं हे नीतिमान ठरण्यातच धरलेलं आहे. म्हणून जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापानं ती कृपा गमावते आणि पापनिवेदनाच्या संस्कारात (धर्मगुरूपुढे पाप कबूल करून) परत मिळते. "आज्ञा मोडली तर काय बिघडतं?" याचं आमचं उत्तर हे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये तिला जोडले गेले. सगळे मतभेद मिटले असं ती म्हणत नाही, पण तारण आपल्या कुठल्या गुणामुळे नव्हे तर कृपेनंच, हे दोघांनी मिळून म्हटलं आहे.

नवसाबद्दलही बोला, कारण नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला ही मुलं जात असणार. "हे दे, मग मी मेणबत्ती लावीन" हा सौदा झाला. मिळाल्यावर आभार मानायला जाणं वेगळं. बाहेरून दोन्हींत मेणबत्ती तीच.

---

सिडको_प्रश्न

पण रोम ६:१४ स्पष्ट म्हणतं, तुम्ही नियमशास्त्राधीन नाही. मग विश्वासणाऱ्याला आज्ञा लावायच्याच कशाला? आणि लावायच्या तर डुक्कर न खाणं, शब्बाथ (सातव्या दिवसाची विश्रांती), दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) सगळंच लावा. आपण सोयीचं तेवढं उचलतो.

---

गोदाकाठचा_वाचक

रोम ६:१४ नंतर लगेच ६:१५ वाचा (म्हणून पाप करावं काय? मुळीच नाही), मग १३:८-१० वाचा. तिथे पौल व्यभिचार, खून, चोरी, लोभ या आज्ञा नावानिशी घेतो आणि प्रीतीत त्या पूर्ण होतात म्हणतो. त्या रद्द झाल्या असं म्हणत नाही. गलती ३:२४ मधला "बालरक्षक" म्हणजे मुलाला शाळेत नेणारा, शिस्त लावणारा घरचा दास. (आपल्या मुलांना या शब्दावरून शाळाबाह्य मुलं शोधणारे शिक्षक आठवतात, तेही फार लांबचं नाही.) मुलगा मोठा झाला की दासाचा हात सुटतो, पण घरची रीत तो विसरत नाही. तीत २:११-१२ मध्ये तर कृपाच आपल्याला शिकवते, असं म्हटलंय.

सोयीचं उचलण्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मान्य. नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे नियम ही तीन भागांची वाटणी चर्चनं केलेली आहे, शास्त्रात वचनांवर तसे शिक्के नाहीत. पण ती मनाला येईल तशीही नाही. मार्क ७:१९ मध्ये अन्नाचा निर्णय आहे, इब्री १० मध्ये यज्ञांचा, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये सुंतेचा. अँग्लिकन चर्चच्या विश्वासाच्या ३९ कलमांतलं सातवं हेच सांगतं: विधी बंधनकारक नाहीत, नैतिक आज्ञांतून कोणी सुटलेला नाही. दशमांशाचं मात्र तुम्ही नेमकं पकडलंत. अर्धा तास कृपेवर उपदेश आणि दानपेटी फिरताना मलाखी ३ ची (दशमांश न देणारा देवाला लुबाडतो) भीती, हे विसंगत आहे. २ करिंथ ९:७ मनात ठरवल्याप्रमाणे द्या म्हणतं, कुरकुरत नाही आणि दडपणाखालीही नाही.

---

जेलरोड_कॅथलिक

तक्ता छापणार असाल तर क्रमांकांकडे लक्ष द्या. शब्बाथाची आज्ञा तुमच्याकडे चौथी, आमच्याकडे तिसरी. मूर्तीची आज्ञा आम्ही पहिलीतच धरतो आणि लोभाच्या दोन करतो. मिश्र घरातली मुलं यावरून हमखास भांडतात. आज्ञांना एक ते दहा क्रमांक देऊच नका, निर्गम २० चे वचन क्रमांक घाला. आणि वचन २ पासून सुरू करा.