तिकडे बायकांचं सगळं सोपं असतं का?

निशिगंधा: नवऱ्याला अमेरिकेतली ऑफर आलीय, एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मी नोकरी सोडून जाणार. तिकडे गेल्यावर बाळाचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, "तिकडे काय, नवरे भांडीसुद्धा घासतात!" खरंच?

खारूताई: घासतात गं. डिशवॉशर कसा भरायचा यावरून भांडतातही. पण आधी कागदपत्रं बघ. तू एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जाणार; म्हणजे नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम बरंच पुढे सरकेपर्यंत तुला बहुतेक नोकरीच करता येणार नाही. बरोबरी इथेच अडते.

नोकरी मिळाली तरी तिथल्या १९९३ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा मिळते फक्त १२ आठवडे, तीही बिनपगारी, आणि कंपनी निदान ५० माणसांची नि तुझं तिथे वर्ष भरलेलं हवं. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत रजेचे थोडे पैसे मिळतात, हे खरं.

ऑफिसात बाळासाठी दूध काढायला खासगी जागा देणं मात्र बंधनकारक आहे. मला स्टेशनरीची खोली दिली होती. दारावर कागद लावला, तरी एक महाशय स्टेपलच्या पिना शोधत आत!

टकमक: मग स्वीडनला जा. आईबापांना मिळून ४८० दिवस, त्यातले ९० बापाचेच. त्याने नाही घेतले तर बुडाले.

खारूताई: युरोप म्हणजे नुसतं स्वीडन नव्हे हं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला १९७१ साली!

निशिगंधा: बाप रे. सासूबाईंना काय सांगू?

खारूताई: पासपोर्ट काढायला सांग. बाळंतपणाला त्याच लागतील.