कोथरूडचा जुना फ्लॅट एजंटाविना विकावा का?

मुठाकाठ
कोथरूडमधला आमचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट विकायचा आहे. इमारत १९९४ सालची, तीन मजली, लिफ्ट नसलेली आहे. मात्र मेट्रोचे वनाज स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले आणि आई आता माझ्याकडे राहते. आसपासचे भाव पाहता ९० लाख रुपये यावेत असा माझा अंदाज आहे. ओळखीच्या एजंटाने दोन टक्के दलाली सांगितली, म्हणजे १,८०,००० रुपये, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर २,१२,४०० रुपये होतात. कर्ज कधीच फिटले आहे, मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट घरातच आहेत. कागद इतके स्वच्छ असताना दोन लाख रुपये नेमके कशाचे द्यायचे, हे मला कोणीतरी पटवून द्यावे.

हिशेबनीस
पटवून देता येणार नाही, कारण मी स्वतः सहकारनगरमधले घर एजंटाविना विकले आहे. भाव फक्त एजंटालाच कळतो, हा मोठा गैरसमज आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक घातला की त्या मिळकतीच्या नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात आणि त्यात प्रत्यक्ष मोबदल्याची रक्कम लिहिलेली असते. जाहिरातीत मालक काय मागतो यापेक्षा शेजाऱ्याने कितीला दिले हे कळणे जास्त मोलाचे, आणि ते चहाच्या पैशांत कळते. गिऱ्हाईक म्हणाल, तर आमचे घर शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या जावयाने घेतले. सोसायटीच्या फलकावर लावलेल्या एका कागदाने ते काम केले. वकिलाला मसुद्याचे आणि नोंदणीच्या दिवसाचे मिळून १५,००० रुपये दिले.

चावीवाला
मी या व्यवसायात आहे हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या म्हणण्यातले पाणी आपण आपल्या हिशेबाने काढून टाकाल. हिशेबनीसांना काकूंचा जावई मिळाला. तो प्रत्येकाला मिळत नाही. ९० लाखांच्या फ्लॅटवर बँक ८० टक्के, म्हणजे ७२ लाख कर्ज देऊ शकते. उरलेले १८ लाख, पुण्यातील सात टक्के मुद्रांक शुल्काचे ६,३०,००० आणि नोंदणीचे ३०,००० मिळून २४,६०,००० रुपये खरेदीदाराच्या स्वतःच्या खिशात असावे लागतात. रविवारी घर पाहून ‘आवडले, कळवतो’ म्हणणाऱ्या वीस कुटुंबांपैकी एवढी रक्कम कोणाकडे तयार आहे, हे पहिल्या फोनवर विचारणे मालकाला अवघड जाते. मला जात नाही, तो माझा धंदाच आहे. टोकन घेतल्यावर कर्ज नामंजूर झाले आणि तीन महिने घर अडकून पडले, असे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय एजंट नाही हे कळताच गिऱ्हाईक ‘मग तुमची दलाली वाचली, ती कमी करा’ असे म्हणतेच, त्यामुळे वाचलेले दोन लाख तुमच्याकडेच राहतील असे धरून चालू नका. आणि दलालीची रीतसर पावती असेल, तर ती रक्कम भांडवली नफा काढताना विक्रीचा खर्च म्हणून वजा होते.

हिशेबनीस
पैसे तयार आहेत का, हा प्रश्न मालकाने विचारायचा ठरवला तर जीभ झडत नाही. आता दुसरी बाजू पाहू. सौदा ९० ऐवजी ८८ लाखांना तुटला तर मालकाचे दोन लाख जातात आणि दोन टक्क्यांवाल्या एजंटाचे फक्त ४,००० जातात. मग ‘साहेब, हे गिऱ्हाईक सोडू नका’ हा सल्ला तो कोणाच्या हितासाठी देतो? त्यातच तो खरेदीदाराकडूनही दलाली घेत असतो. दोन्ही पक्षांकडून पैसे घेणारा माणूस माझ्या बाजूने घासाघीस करील, यावर विश्वास कसा ठेवायचा? महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट-नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. १९९४ सालच्या इमारतीतील पुनर्विक्रीत तिचा आधारही मिळत नाही.

दूरदेशी
मी टोरांटोत राहते आणि ठाण्यातला फ्लॅट एजंटामार्फतच विकला, कारण दार उघडून दाखवायला तिथे आमचे कोणीच नव्हते. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. आमच्यासारख्या अनिवासींच्या बाबतीत ही कपात बरीच मोठी असते, आणि ते ऐकूनच दोन गिऱ्हाइके पळाली. तिसरे एजंटाने टिकवून धरले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मात्र कराचा नियम त्याला ठाऊक नव्हता. तो आमच्या सीएने सांगितला.

तळटीप
मी वकिली करते. वरील वाद चालू द्या, पण मुठाकाठ, आपण ‘कागद स्वच्छ’ म्हणता तेव्हा शेअर सर्टिफिकेटवर आज नाव कोणाचे आहे?

मुठाकाठ
आईचे. वडिलांनी तिचे नामनिर्देशन केले होते, त्यामुळे सोसायटीने ते तिच्या नावावर करून दिले. मृत्युपत्र नव्हते. नागपूरला एक विवाहित बहीण आहे, पण तिने कधी काही मागितलेले नाही.

तळटीप
मग कागद अजून स्वच्छ नाहीत. नामनिर्देशनानुसार सोसायटीने भाग (शेअर) हस्तांतरित करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले, परंतु त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. मृत्युपत्राविना गेलेल्या हिंदू पुरुषाच्या मिळकतीत पत्नी, मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी असतात. म्हणजे या फ्लॅटचा एकतृतीयांश हिस्सा बहिणीचा आहे, तिने मागितलेला असो वा नसो. खरेदीदाराच्या बँकेचा वकील हे पहिल्याच वाचनात काढील. एक तर तिघांनी विक्रेते म्हणून सही करावी, नाहीतर तुम्ही दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. बहिणीला पैशातला वाटा द्यायचा असेल तर पहिला मार्ग सरळ आहे. जाता जाता, घर नव्या मालकाच्या नावे करताना हस्तांतरण अधिमूल्य म्हणून महापालिका हद्दीतील सोसायटीला २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘विकास निधी’ अशा गोड नावानेही नाही.

चावीवाला
हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला असता.

हिशेबनीस
विचारला असता, मान्य आहे. आणि उत्तरासाठी वकिलाकडेच पाठवले असते.

मुठाकाठ
काल बहिणीशी बोललो. तिला वाटा हवा आहे, आणि तो तिने आजवर का मागितला नाही हे तिने मला जरा स्पष्टच सांगितले, ते इथे लिहीत नाही. ती दिवाळीत येईल, तिघेही सही करू. ९० लाखांचा आकडा कुठून आला, असे तिने विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आमच्या गल्लीतील इंडेक्स टू काढायला बसलो. चार दस्त मिळाले, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीतले दोन्ही ८५ लाखांच्या आत आहेत. दिवाळीनंतर दोन महिने स्वतः प्रयत्न करीन. चावीवाले, नंतर आपण गिऱ्हाईक आणलेत तर एक टक्का चालेल का? घर फक्त आपल्याकडेच द्यायचे, असे बंधन मात्र नको.

चावीवाला
एक टक्का चालेल. पण त्या दोन महिन्यांत आपण जी किंमत जाहिरातीत लिहाल, तीच मलाही गिऱ्हाइकाला सांगावी लागेल, तेव्हा ९० लिहिण्याआधी ते चार दस्त पुन्हा एकदा पाहा.