सेफ्टी शूज थोतांड कसे काय?

लेथवाला:
काल 'शेडमालक' यांनी लिहिलं, "ज्याला काम येतं त्याच्या पायावर जॉब (मशीनवर घडवायचा धातूचा तुकडा) पडत नाही. बोटांवर स्टीलची टोपी असलेले सेफ्टी बूट म्हणजे थोतांड. दहा तास उभं राहायचं तर पळायचे मऊ बूट घाला. जड काही पडलं तर ती टोपीच दुमडते आणि बोटं कापते." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यात नुकतीच मशीनवर उभी राहिलेली पोरं आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बोटं कापण्याची गोष्ट. आयएसओ २०३४५ या सेफ्टी बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टोपीला २०० ज्यूलचा दणका सोसावा लागतो, म्हणजे २० किलोचं वजन एक मीटरवरून सोडल्यासारखा. शिवाय १५ किलोन्यूटन दाब, म्हणजे साधारण दीड टनाचं ओझं. टोपी दुमडून बोटं कापायला याच्या कितीतरी पुढचा मार लागतो, आणि तेवढा मार साध्या बुटावर बसला तर बोटांचा चेंदामेंदाच होणार.

लेथचा आठ इंची चक, म्हणजे जॉब पकडून फिरवणारा भाग, १५ किलोच्या पुढे भरतो. चक उतरवताना खाली लेथच्या बेडवर फळी टाकायची, हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि मी ते १९ वर्षं पाळलं. एका शनिवारी शिफ्ट संपत आली होती, फळी टाकली नाही, हाताला कुलंट (मशीन थंड ठेवणारं निसरडं पाणी) लागलेलं होतं. चक सटकला तो थेट उजव्या बुटाच्या टोकावर. कातडं फाटून आतलं स्टील उघडं पडलं आणि त्यावर नखाएवढा पोचा आला. मोजा काढून पाचही बोटं एकेक हलवून बघितली. शाबूत होती. तो बूट अजून खिळ्याला टांगलेला आहे. मला काम येत नव्हतं असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दुसरं म्हणजे, पळायच्या बुटाला वर जाळी असते. कापताना उडणारी स्टीलची कातरण, म्हणजे चिप, निळी पडलेली असली की ३०० अंशांच्या आसपास तापलेली असते. ती जाळीला भोक पाडून मोज्याला चिकटते, आणि खालचा फोम तिच्यावर पाय पडताच वितळतो. चामड्याचा वरचा भाग आणि नायट्राईल रबराचा सोल घ्या. तेलाला टिकतो, तापलेल्या चिपेलाही टिकतो.

शेडमालक:
माझ्या नावाने धागा काढलात, तर माझंही ऐका. मी २२ वर्षं स्टीलच्या टोपीचे बूट घातले. शेवटची तीन वर्षं सकाळी पाय जमिनीला टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून मोरीपर्यंत जायचो. डॉक्टर म्हणाले प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचं टाचेशी दुखणं. मऊ बूट घातले आणि चार महिन्यांत माणसात आलो. तुमचा चक एकदा पडला, माझी टाच रोज दुखत होती.

आणि तुम्हीच लिहिलंय, शनिवार होता, शिफ्ट संपत आली होती. थकलेला माणूस चुकतो. पाय दुखला की लक्ष पायात जातं, जॉबवर राहत नाही. हे कुठल्या चाचणीत मोजतात?

फिटरनाना:
दोघांचंही खरं आहे आणि दोघंही अर्धंच बोलताय. टाच टोपीमुळे दुखत नाही, आतला इनसोल मेलेला असतो म्हणून दुखते. बुटाबरोबर येतो तो बहुतेकदा नुसता पुठ्ठा. काढा आणि कमानीला आधार देणारा घाला. पण जाड इनसोल घातला की पाय वर उचलला जातो आणि बोटं टोपीला घासतात, म्हणून बूट घेतानाच तो आत घालून बघायचा. संध्याकाळी घ्यायचा, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि टाच उचलताना बुटातून सुटता कामा नये. काँक्रीटवर उभे राहत असाल तर मशीनपुढे रबरी मॅट टाका. बरंच दुखणं तिथेच कमी होतं.

माझा खरा राग खरेदी विभागावर आहे. एका कारखान्यात आम्हाला सरसकट आठ नंबर वाटले होते. नऊवाल्याने चवडा दुमडून घालायचा, सातवाल्याने दोन मोजे. वर ते बूट गोदामात किती वर्षं पडून होते देव जाणे. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत पडून पडून आतून कुजतो, वरून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टाचेखाली खडूसारखा चुरा झाला. असे बूट वाटायचे आणि मग कामगार घालत नाहीत म्हणून नोटीस लावायची!

सीएनसीवाली:
नाना, तुम्हाला निदान आठ नंबर मिळाला. मला पुरुषांचाच बूट लहान नंबरात देतात. बायकांची टाच अरुंद असते, पुढे जुळला तर मागे टाच वर-खाली सरकत राहते. पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. टोपी तर हवीच, पण पायाच्या मापाची.

थोडं अवांतर. बूट घरी नेऊ नका. माझी धाकटी तेव्हा रांगत होती. रात्री किंचाळत उठली. तळहातावर काहीच दिसेना. टॉर्च तिरका धरला तेव्हा पितळेची केसाएवढी चिप चमकली. सुईने काढायला अर्धा तास लागला, नवऱ्याने तिचा हात धरून ठेवला होता. माझ्याच बुटाच्या तळाच्या नक्षीतून आलेली. तेव्हापासून बूट लॉकरमध्येच राहतात.

टूलरूम:
असहमत. लॉकर आहेत कितीजणांना? बाहेर ठेवलेला बूट दुसऱ्या दिवशी जागेवर असेल याची खात्री नाही. दाराबाहेर काढून ब्रश मारला की पुरे. माझ्या वडिलांनी ३० वर्षं कामाचे बूट घरात आणले. आम्ही चार भावंडं त्याच फरशीवर रांगलो, काही झालं नाही.

सीएनसीवाली:
दाराबाहेर काढून काय होतं? चिप मोज्यातून येते, पँटच्या मोहरीतून येते. तुम्ही रडत्या लेकराच्या हातातून चिप काढली आहे का कधी? नसेल तर 'काही झालं नाही' हे मला सांगू नका.

टूलरूम:
आवाज चढवू नका. माझ्या बापाला हलगर्जी म्हणण्याचा हक्क तुम्हाला नाही.

सीएनसीवाली:
बापाचं नाव तुम्ही काढलंत. मी फक्त माझ्या मुलीचा हात सांगितला.

फिटरनाना:
दोघंही जरा थांबा. टूलरूम, तुम्हाला टोचली नाही म्हणजे कुणालाच टोचत नाही, हे शेडमालकांचंच वाक्य झालं: माझ्या पायावर पडलं नाही म्हणजे पडत नाही. खोल नक्षीचा सोल चिखलात उत्तम, पण शॉपमध्ये त्यात बर (चिपांचा कचरा) अडकते. इथे उथळ नक्षी बरी. आणि निघताना तारेचा ब्रश मारायचा, मोजेही झटकायचे.

टूलरूम:
मोज्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दाराशी वेगळी चप्पल ठेवतो. लॉकरबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

शेडमालक:
बुटांवर येऊया का? लेथवाल्यांना एक विचारायचंय. टोपी बोटांपुरती असते. माझ्या शेडमध्ये टेबलावरून मशीन व्हाइस (जॉब पकडायचा जड शिकंजा) घसरला तो एका मुलाच्या टोपीच्या मागे पडला. वरचं हाड मोडलं. बूट सेफ्टीचाच होता.

लेथवाला:
हे खरं आहे. मी टोपी म्हणजे सगळा पाय असल्यासारखं लिहिलं, ते चुकलं. पायाच्या वरच्या हाडांसाठी मेटाटार्सल गार्डवाला बूट वेगळा येतो. जड आणि ताठर असतो, पण रोज व्हाइस-चक उचलणाऱ्याने तोच घ्यावा. त्या मुलाचा पाय आता कसा आहे?

शेडमालक:
चालतो. थंडीत दुखतो म्हणतो.

बोटं कापण्याचं वाक्य मी मागे घेतो. ऐकीव होतं, तपासलं नव्हतं. टाचेचं एक अक्षरही मागे घेत नाही. कॉम्पोझिट (धातूविरहित) टोपीचा बूट त्याच २०० ज्यूलच्या चाचणीतून जातो आणि हलका असतो, तर रुंद चवड्याचा बघून, माझा इनसोल आत घालून संध्याकाळी घेतो. महिनाभर घालतो. टाच पुन्हा धरली तर इथेच येऊन सांगेन.

नाना, त्या रबरी मॅटमध्ये चिपा रुतून बसत नाहीत का?

फिटरनाना:
सपाट मॅटमध्ये बसतात. भोकांची घ्या. बर भोकातून खाली पडते, कुलंटही साचत नाही. शिफ्ट संपली की दोघांनी कोपरे धरून मॅट उचलायची आणि खालचं झाडून घ्यायचं. कडा उतरत्या हव्यात, नाहीतर जॉब घेऊन येताना ठेच लागते.