जुनी पिकअप घेताना इंजिन आधी बघू की गिअरबॉक्स?

प्रश्न: इंदूरात जुनी बोलेरो पिकअप बघतोय. माल भरून मानपूरचा घाट रोज चढायचाय. काय तपासू?

उत्तर १: दादा, इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघा. तापल्यावर, चालू इंजिनवरच ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजलेत; ती गाडी सोडाच.

उत्तर २: उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडा. गिअर निसटला तर आतले दात किंवा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय. गिअर ऑइल बोटांवर चोळा: बारीक चकाकी चालते, टोचणारे कण नकोत.

उत्तर ३: क्लचही बघा. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच हळू सोडा, इंजिन बंद पडायलाच हवं. नुसतं घोंघावलं तर प्लेट गेली. तेवढे पैसे भावातून कापा, प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.