बातम्या बंद करून भागत नाही

"बातम्या बंद करा, डोकं आपोआप शांत होईल" असं पैशांच्या आणि राजकारणाच्या ताणावर कुणीतरी सुचवलंय. मला अर्धंच पटलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा मी बातम्या बघणं सोडलंच होतं. व्याज वाढल्याने गृहकर्जाची मुदत तेवढी गुपचूप वाढत राहिली. शेवटी एका रविवारी वही घेऊन बसलो. हप्ता, शाळेची फी, किराणा, सगळं लिहून काढलं. आकडा वाईटच निघाला, पण त्या रात्री झोप लागली. आईची ठेव एकाच बँकेत होती, तीही दोन बँकांत विभागली. ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच असतं. (भाऊ म्हणाला, फार घाबरतोस. असेन.)

राजकारणाचं म्हणाल तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. काकांशी वाद घालायचाच असेल तर पर्वती चढताना घालतो. शंभरावर पायऱ्या आहेत. अर्ध्या वाटेतच दोघांना धाप लागते आणि वर पोचेपर्यंत विषय 'खाली उतरल्यावर मिसळ कुठे खायची' इथे आलेला असतो.