काळ्या मातीतून पाणी वाळूच्या आधी खाली आलं, प्रयोग चुकला का?

चौथीची आई, सुदामा नगर, इंदूर
पर्यावरण अध्ययनात ‘कोणत्या मातीतून पाणी लवकर झिरपतं’ हा प्रयोग घरून करून न्यायचा आहे. तीन बाटल्या कापून एकीत नर्मदेची वाळू, दुसरीत कुंडीतली खतमाती, तिसरीत राऊकडच्या शेतातली काळी माती भरली. प्रत्येकीत एक ग्लास पाणी ओतलं. पुस्तकाप्रमाणे वाळू पहिली यायला हवी, पण काळ्या मातीतलं पाणी सर्रकन खाली आलं. परवा दाखवायचं आहे. मुलीने काय लिहावं?

मातीपरीक्षक, महू
ताई, प्रयोग चुकलेला नाही, काळी माती कोरडी असली की अशीच वागते. माळव्याची ही माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट त्या भेगांत उतरतं. तुमच्या बाटलीत ढेकळं असणार. ढेकळांमधल्या फटींतून आणि बाटलीच्या कडेने पाणी निसटलं; मातीच्या पोटातून ते गेलंच नाही. त्याच बाटलीत तासाभराने पुन्हा ग्लासभर पाणी ओता आणि बघा.

प्राथमिक शिक्षिका, रामबाग
पुन्हा मांडताना या गोष्टी सांभाळा. माती उन्हात वाळवून कुटा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. वाळू धुऊन वाळवा, नाहीतर तिच्यातला गाळ तळाशी बसून पाणी अडवतो. १ लिटरच्या बाटलीचा वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, तोंडाला मलमलचं दुहेरी कापड रबरबँडने बांधा. तिन्हींत मातीचं माप एकच, २०० मिलीचा पेला. वजनाने मोजू नका, वाळू जड असते. माती एकदम ओतायची नाही. तीन वेळा थोडी थोडी भरून प्रत्येक वेळी बाटली टेबलावर हलकेच आपटा. वर कापडाचा तुकडा ठेवून मगच पाणी ओता, नाहीतर धारेने खड्डा पडतो आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

घड्याळ लावून दोन नोंदी घ्या: पहिला थेंब कधी पडला आणि १० मिनिटांत किती मिली जमलं. २०० मिली ओतलं आणि सगळं गळून थांबल्यावर खाली १२० आलं, तर ८० मातीने धरून ठेवलं. ही वजाबाकी मुलांना फार आवडते, आणि खतमातीचा मोठेपणा इथेच दिसतो.

चौथीची आई, सुदामा नगर, इंदूर
दुसरा ग्लास ओतला. आता पाणी वरच साचलंय, थेंबसुद्धा पडत नाही!

मातीपरीक्षक, महू
माती फुगून फटी मिटल्या, म्हणून. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, त्यांच्यामधून वाट काढायला पाण्याला वेळ लागणारच. बाटली उघडी वाळू देऊ नका, माती कडेपासून सुटली की पुन्हा पहिल्यासारखंच होईल. वर ओलं फडकं टाकून ठेवा आणि शाळेत तशीच न्या. मुलीने वहीत ‘कोरडी’ आणि ‘भिजलेली’ असे दोन रकाने करून दोन्ही आकडे लिहावेत, पहिला खोडू नये. बाईंनी विचारलंच, तर पहिल्या पावसाचं आणि श्रावणातल्या तुंबलेल्या शेताचं उदाहरण द्यायला सांगा.

प्राथमिक शिक्षिका, रामबाग
आणि काम झाल्यावर काळी माती सिंकमध्ये धुऊ नका, पाइपच्या वळणात बसते. वाळू आणि शेणखत मिसळून कुंडीत घाला.